मुद्दाम नासवलेलं दूध

क्षयाच्या गोळ्या ज्यांच्या पोटात ठरत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. पण गोळ्या घेतल्यावर अर्ध्या तासात ज्याला मोरीकडे धावावं लागतं, त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल. मी डॉक्टर नाही. सोलापुरात मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवते. आजारात मी एक मोठी चूक केली आणि ती लपवली. त्यातून मला औषधानं बाहेर काढलं हे खरं, पण ते औषध पोटात टिकवलं एका ताटलीनं. त्या ताटलीत काय होतं आणि आमच्या घरात ती मांडली जायला इतका वेळ का लागला, एवढंच सांगायचं आहे.

निदानाचा दिवस

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मला गणपतीपासून खोकला होता. शेजारी यंत्रमाग, त्यांच्या कापसाचा भुस्सा दारातून आत येतो, त्यामुळे आमच्या गल्लीत खोकल्याकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नाही. दिवाळीनंतर संध्याकाळी अंग कोमट व्हायला लागलं. ब्लाउज सैल झाले. ते मी दोन्ही कडांनी आत घेतले आणि महिन्याभरानं पुन्हा आत घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईला तेवढ्यानं कळायला हवं होतं.

मग एक दिवस वर्गात तुरपाई दाखवताना खोकल्याची उबळ आली आणि हातातल्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडला. मुलींना वाटलं, सुई टोचली. मीही तसंच सांगितलं.

दवाखाना मिशनचा होता. छातीच्या फोटोत उजवीकडे वरच्या बाजूला कापसाचा पुंजका ठेवल्यासारखं दिसत होतं. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. म्हणाले, "टीबी आहे. बरा होतो. दीड वर्ष औषध, एक दिवसही चुकवायचं नाही." मग विचारलं, "अंडी, मटणाचं सूप चालतं का?"

आमचे हे मिलच्या ऑफिसात कारकून. खुर्चीवरून अर्धे उठत म्हणाले, "आम्ही लिंगायत आहोत, साहेब."

"मग दूधदुभतं भरपूर घ्या. वजन वाढलं पाहिजे. दर महिन्याला मी वजन बघणार."

त्यांच्या बोलण्यातलं हे शेवटचं वाक्य मी पाठ केलं. आधीचं, एक दिवसही न चुकवण्याचं, ऐकलं आणि मागे टाकलं. पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

लाल ठिपक्याची ताटली

माझ्या सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं. माहेर अक्कलकोटकडचं. देवाशी कानडीत बोलतात आणि आमच्याशी मराठीत. निदान ऐकून त्या रडल्या नाहीत. त्यांनी एक ताटली, एक वाटी आणि एक पेला बाजूला काढला आणि लेकाला सांगून तिन्हींच्या कडेला लाल रंगाचा ठिपका मारून घेतला. माझी खाट पडवीत आली. नीला तेव्हा अकरा वर्षांची. तिला उंबऱ्यापलीकडे उभं करून अव्वा म्हणाल्या, "ह्येच्या पुढं जायचं न्हाय. काय बोलायचं ते हितनं बोल आईशी."

मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. स्वयंपाकघर मात्र मला बंद झालं, याचा अर्थ तेव्हा लक्षात आला नाही. याचा अर्थ असा, की आता अव्वा जे देतील ते मी खाणार होते.

रोज सकाळी इंजेक्शन. त्यासाठी दवाखान्याच्या ओट्यावर रांग. कमरेखाली दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या. मी उशी घेऊन बसायला शिकले. एक गोळी लहान, तिचा त्रास नाही. दुसऱ्या मोठ्या, पांढऱ्या, दिवसाला वीसच्या वर, तीन जेवणांत वाटून घ्यायच्या. त्या पोटात गेल्या की पोट त्यांना परत पाठवायचं. आणि त्यांच्या सोबतीला अव्वांचा खुराक. तुपात निथळणारा शिरा, शेंगदाण्याचे लाडू, डिंकाचे लाडू, जेवणाला तेलाचा तवंग असलेली आमटी. सकाळी फोडणी तडतडली की पडवीत माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते भुकेचं नसायचं.

"खा," अव्वा म्हणायच्या. "लाडवात डिंक हाय, बदाम हाय. रोग काय करतोय बगू."

मी खायची. गोळ्या घ्यायची. मग मोरीत सगळं बाहेर. लाडू, गोळ्या, सगळं. पहिल्या महिन्यात माझं वजन आणखी एक किलोनं उतरलं. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला फार लागलं.

चूक

मी असा हिशेब केला: डॉक्टर वजन बघणार आहेत. वजन अन्नानं वाढतं. अन्न गोळ्यांमुळे राहत नाही. मग थोडे दिवस मोठ्या गोळ्या बाजूला ठेवू, अंगात ताकद आली की पुन्हा सुरू करू. लहान गोळी आणि इंजेक्शन चालूच आहे की.

वाचताना हे मूर्खपणाचं वाटेल. तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. रांगेत माझ्या पुढे-मागे उभ्या असलेल्या दोघींनी नंतर कबूल केलं की त्यांनीही हेच केलं होतं. म्हणून लिहिते आहे.

मोठ्या गोळ्या मी शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेले. उलट्या थांबल्या. लाडू पोटात राहिले. पुढच्या महिन्यात काटा दोन किलोनं वर गेला. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास." अव्वांनी गल्लीत घरोघर सांगितलं, "डाक्टरच्या गोळ्या एकीकडं आन माजे लाडू एकीकडं. लाडवानं चढली सून." यंत्रमागवाल्यांच्या घरातून बायका लाडवाची रीत विचारायला आल्या. अव्वा पायरीवर बसून सांगायच्या, आणि मी पडवीत पडून ऐकायची. त्यांना इतकं खुशीत मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं.

खोकला मात्र कमी झाला नव्हता. संध्याकाळचा ताप परत आला होता. तो मी थर्मामीटर झटकून लपवत होते.

जांभळं न झालेलं पाणी

दवाखान्यात एक इटलीची सिस्टर होती. उंच, थोडी वाकलेली, केसांपासून टाचांपर्यंत पांढरी. रांगेतले सगळे तिला बडी सिस्टर म्हणत. मराठी तोडकं बोलायची, पण थांबायची नाही. एका सकाळी तिनं प्रत्येकाला लघवीची बाटली भरून द्यायला लावली. तिच्यात तिनं कसलंसं औषध थेंबथेंब टाकलं. माझ्या आधीच्या माणसाचं पाणी जांभळं झालं. त्याच्या आधीच्या बाईचंही. माझं पिवळंच राहिलं.

तिनं आणखी दोन थेंब टाकले. पिवळंच.

"तू मोठी गोळी खात नाही," ती म्हणाली.

"खाते की."

"तू खोटं बोलते. बाटली खोटं नाही बोलते."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं स्टूल ओढून माझ्यासमोर ठेवलं आणि बसली. "तू टीचर ना? पुरी गोळी जंतूला मारते. अर्धी गोळी जंतूला शिकवते. मग तो हुशार होते. तू घरी बसून जंतूची शाळा चालवते."

त्याच आठवड्यात थुंकीचा निकाल आला. जंतू होते, आणि पहिल्यापेक्षा कमी नव्हते. डॉक्टरांनी ह्यांना बोलावून घेतलं नाही, माझ्याशीच बोलले. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाले, "दोन महिने देतो. गोळ्या पोटात राहिल्या पाहिजेत आणि थुंकी स्वच्छ झाली पाहिजे. नाही झाली तर दूरच्या सॅनेटोरियमला पाठवतो. निदान वर्षभर. मुलांना तिथं भेटू देत नाहीत." त्यांनी एक छापील कागद काढून त्यावर माझं नाव लिहिलं आणि तो टेबलावर काचेखाली ठेवला.

बाहेर आले आणि हिशेब करायला लागले. नीला बारा वर्षांची होणार, मग तेरा वर्षांची. त्या वयात मुलीला आई घरात लागते. उंबऱ्यापलीकडून का होईना.

बडी सिस्टर मागून आली. "गोळ्या कुठे आहे?"

"घरी. डब्यात."

"उद्या आण. आणि सांग, काय खाते."

मी सांगितलं. शिरा, लाडू, तवंगाची आमटी. तिनं कपाळाला हात लावला.

अर्धी ताटली, गोळ्या, अर्धी ताटली

दुसऱ्या दिवशी तिनं मला दवाखान्यामागच्या त्यांच्या छोट्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलं. एक पांढरी ताटली आणली. तिच्यात पिकलेल्या टोमॅटोच्या चकत्या, मध्ये मध्ये नासवलेल्या दुधाच्या पांढऱ्या मऊ गोळ्याचे तुकडे, वर सब्जाची हिरवी पानं फाडून टाकलेली. मीठ, थोडी मिरपूड. ना फोडणी, ना तिखट, ना वाफ. ताटली गार होती.

"आमच्या गावी उन्हाळ्यात रोज," ती म्हणाली. "माझा बाप म्हशी पाळत होता. तुमच्या म्हशीसारखीच काळी." पांढऱ्या गोळ्याला त्यांच्याकडे मोझरेला म्हणतात. तिकडे तो कच्च्या दुधाचा करतात आणि गरम पाण्यात ताणतात. "इथे कच्चं दूध नाही. तू आजारी. दूध उकळायचं. ताणायचं नाही. नाव वेगळं होईल, चालेल."

मला वासाची धास्ती होती. पण वास फक्त पानांचा होता, तुळशीसारखा, थोडा गोडसर. अर्धी ताटली खाल्ली. मग तिनं हातावर गोळ्या ठेवल्या. एकेक करून गिळल्या. "आता बाकी." उरलेली अर्धी खाल्ली.

मग आम्ही दोघी पायरीवर बसून वाट पाहत राहिलो. मी मोरी कुठे आहे ते आधीच पाहून ठेवलं होतं. दहा मिनिटं झाली. पोटात एकदा गोळा वर आला. मी पायरीची कड धरली. सिस्टर घड्याळाकडे न बघता माळ ओढत होती. गोळा खाली गेला. अर्धा तास झाला. तासाभरानं ती म्हणाली, "जा. घरी हेच खा. तूप बंद, तळण बंद, जेवण गार." बटणांचा डबा तिनं उघडून पाहिला आणि परत माझ्याच हातात दिला. "हा घरी ने. ज्याला खोटं सांगितलं, त्याला दाखव."

मी तो नेला आणि पुन्हा यंत्राच्या खणात ठेवला. कुणाला दाखवला नाही.

चार हरकती

अव्वा आपल्या चुलीला मला हात लावू देणार नव्हत्या, म्हणून मी पडवीत शेगडी मांडली. म्हशीचं दूध उकळून उतरवलं, बोट सोसेल इतकं निवू दिलं आणि लिंबू कापलं. अव्वा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय करतीस?"

"लिंबू पिळतेय."

"दुदात?"

"हो."

"आगं, नासंल की ते!"

"नासायलाच पिळतेय, अव्वा."

त्यांनी दाराची चौकट धरली. आमच्याकडे दूध नासलं की घरावर काहीतरी येणार असं धरतात. नासलं तर बाई हळूच ओतून टाकते, शेजारणीला सांगतसुद्धा नाही. आणि इथे मी हातानं नासवत होते.

"शिवशिवा! आजारी मानसाच्या घरात जानूनबुजून दूद नासवायचं? डोस्कं तुजं फिरलंय का त्या बाईचं? आन ह्ये तांबडं काय? टमाटं? खोकल्याच्या मानसाला आंबट?"

"सिस्टरनं सांगितलंय."

"आन ह्यो पाला?"

सब्जा मी शेजारच्या फातिमाआपांकडून आणला होता. त्यांच्या भिंतीलगत पत्र्याच्या डब्यांत तो रानासारखा वाढतो. मागायला गेले तर म्हणाल्या, "दवा के वास्ते पूछते क्या, बहू? कित्ता होना उत्ता तोड लेव." अव्वांना वास लगेच लागला.

"ह्यो तर कबरीवर लावत्यात! कबरीवरचा पाला खानार व्हय तू?"

भिंतीपलीकडून फातिमाआपांचा आवाज आला, "कबर पे बी लगाते, शरबत में बी डालते, बड़ी अम्मा! तुमारी तुलसी की भैन हे ये!"

"तुजी तू बग गं!" अव्वांनी भिंतीला उत्तर दिलं आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आन फोडनी कशाची देनार?"

"फोडणी नाही."

"फोडनीच न्हाय?"

चारी हरकतींत ही त्यांना सगळ्यात जास्त लागली. नासलेलं, आंबट, कबरीवरचं, हे सगळं त्यांना भीतीचं वाटलं. बिनफोडणीचं मात्र अपमानाचं वाटलं. सून घरात असून ढोरासारखं कच्चं खाते, म्हणजे सासूनं काय रांधलं असं गल्ली विचारणार.

हे कामावर निघाले होते. अव्वा त्यांना म्हणाल्या, "तू काय बोलनार हायस का न्हाय?" त्यांनी टोपी घातली. "तुम्ही दोघी ठरवा. माझा भोंगा झाला." मिलचा कुठलाही भोंगा त्या वेळी झालेला नव्हता.

शेवटी अव्वांनी तह केला. "पडवीत काय करायचं ते कर. माज्या चुलीवर न्हाय, देवाच्या दुदाला हात न्हाय, आन मला दावायचं न्हाय."

कसं करायचं ते

पहिल्या दिवशी मी लिंबू जास्त पिळलं आणि फडक्यावर पाटा ठेवला. झालं रबर. चुका करून जे शिकले ते असं: अर्धा लिटर दुधाला एका लिंबाचा रस निम्म्या पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा. पाणी हिरवट दिसलं की थांबायचं, उरलेला रस राहू द्यायचा. जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यात बांधून टांगायचं, दाबायचं नाही. ठिबकणं मंदावलं की मीठ लावून त्याच वेळी खायचं. आमच्या उन्हाळ्यात ते सकाळचं दुपारी चालत नाही. निथळलेलं पाणी भाकरीच्या पिठाला वापरावं. टोमॅटो घट्ट आणि पूर्ण पिकलेला घ्यावा. बाजार उठायच्या वेळी गेलात तर स्वस्त मिळतो. पानं सुरीनं कापू नयेत, काळी पडतात. सोबत कडक भाकरी. तिच्यावर हे सगळं मांडून खाल्लं तर पोटाला आधार होतो आणि तेलाचा थेंब लागत नाही. आणि सिस्टरचा नियम: अर्धी ताटली, गोळ्या, अर्धी ताटली.

दिवसातून दोनदा हे आणि एकदा ताकभात. सहा आठवडे गोळ्या पोटात राहिल्या. एकदाही मोरीकडे गेले नाही. बाटलीतलं पाणी जांभळं झालं. सिस्टरनं ते खिडकीशी धरून मला दाखवलं.

देवाचं दूध

मे महिना आला. सोलापूरचा मे ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. एका सकाळी अव्वा पूजेला बसल्या, तळहातावर लिंग घेतलं आणि शेजारच्या वाटीतलं दूध पाहिलं. ते फाटलं होतं. उकाड्यानं फाटलं होतं; त्या दिवशी गल्लीत आणखी तीन घरांचं फाटलं. पण अव्वा पूजा अर्धी ठेवून उठल्या.

"घराला सवय लागली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी घाबरले. "तू रोज नासवतीस. आता ते आपूनहून नासतंय. उद्या काय नासंल?"

त्यांनी माझी शेगडी उचलली, कोळसे झाडाच्या आळ्यात ओतले आणि लेकाला ती माळ्यावर टाकायला लावली. मी वाद घातला. ह्यांनी शेगडी घेऊन शिडी चढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांच्या मुदतीला पंधरा दिवस उरले होते. त्या दुपारी मला पिठलं आलं, लसणाच्या फोडणीचं. खाल्लं, गोळ्या घेतल्या, उलटून पडल्या. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्या हातात घेतल्या आणि माझी नजर शिवणयंत्राच्या खणाकडे गेली. हे मी अगदी खरं लिहिते आहे. सगळं माहीत असून नजर गेली.

मी उठले, खण उघडला आणि डबा बाहेर काढला. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच बसले. अव्वा आत तांदूळ निवडत होत्या.

"अव्वा, मला एक सांगायचंय."

"शेगडी मिळनार न्हाय."

"शेगडीचं नाही. मी होळीच्या सुमाराला दोन किलो चढले होते ना?"

"लाडवानं चढलीस. साऱ्या गल्लीला म्हाईत हाय."

"लाडवानंच. पण तेव्हा मी मोठ्या गोळ्या खात नव्हते. खाल्ल्या की लाडू उलटून पडायचे. म्हणून गोळ्या लपवल्या." मी डबा उंबऱ्यावर ठेवून झाकण काढलं. "वजन वाढलं, पण रोगही वाढला. आता थुंकी स्वच्छ झाली नाही तर डॉक्टर मला वर्षभर बाहेर पाठवणार आहेत. कागदावर नाव लिहून ठेवलंय. ह्यांनाही मी सांगितलेलं नाही."

अव्वांनी सूप बाजूला सारलं. डबा गळ्यापर्यंत भरला होता. त्यांनी एक गोळी उचलली, उलटसुलट करून पाहिली, हुंगली.

"ह्या समद्या न खाल्लेल्या?"

"हो."

"आन मी दारोदार सांगत हिंडले."

त्यांनी गोळी डब्यात परत टाकली.

"मला का न्हाय बोललीस?"

"तुम्ही खुशीत होता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग झाकण लावलं, डबा माझ्याकडे ढकलला आणि पुन्हा सूप ओढलं. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी पडवीत नुसता ताकभात आला, वर काही नाही. अर्धा खाल्ला, गोळ्या घेतल्या, अर्धा खाल्ला. कसाबसा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची घंटा झाली, आणि नंतर विळीचा आवाज आला. मी खाटेवरून मान वळवून पाहिलं. अव्वा त्यांच्या चुलीपुढे बसल्या होत्या. पुढे दुधाचं पातेलं, मुठीत लिंबू. डोळे मिटलेले. आधी कानडीत काहीतरी पुटपुटल्या. मग मराठीत म्हणाल्या, आणि ते मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या:

"महादेवा, ह्ये दूद मी नासवतीया. माज्या हातानं, माज्या चुलीवर. सुनेच्या नावावर लावू नगंस."

आणि मूठ आवळली. लिंबू अख्खं गेलं, बियांसकट.

थोड्या वेळानं उंबऱ्यावर लाल ठिपक्याची ताटली आली. पांढरा गोळा रबरासारखा होता आणि कडवट. टोमॅटो भाजीला चिरतात तसा बारीक चिरलेला. सब्जाची पानं मात्र धुऊन, निवडून, एकसारखी मांडलेली. ती फातिमाआपांकडून अव्वांनी स्वतः आणली होती, हे मला आपांनीच नंतर सांगितलं. मी सगळं खाल्लं. गोळ्या राहिल्या.

मुदत

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ह्यांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माळ्यावरून शेगडी खाली काढली.

बाकावर दीड तास बसलो. आत एकेकाचं नाव पुकारत होते. माझ्या आधीचा एक तरुण बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या बायकोनं त्याच्या हातातला कागद काढून घेतला. माझं नाव पुकारलं तेव्हा मला खोकला आला आणि मी पदर तोंडाशी दाबून तशीच आत गेले.

डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. वजन दीड किलोनं वाढलं होतं. पण आता मला काट्यात रस नव्हता. ते कागद चाळत होते. एक कागद बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला, दुसरा काढला.

"या वेळी थुंकीत काही दिसत नाही," ते म्हणाले.

काचेखालचा माझ्या नावाचा कागद त्यांनी बाहेर ओढला. फाडला नाही. माझ्या फायलीत अगदी तळाला घातला. "औषध पूर्ण होईपर्यंत हा इथेच राहणार."

मला ते आवडलं. फाडला असता तर मी पुन्हा सैल झाले असते.

बडी सिस्टर दारात होती. विचारलं, "डबा दाखवला?"

"दाखवला."

"मग?"

"सासूबाई आता स्वतः दूध नासवतात."

ती इतक्या मोठ्यानं हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

पुढचं सव्वा वर्ष सोपं गेलं असं नाही. कानात इंजेक्शनानं आलेली शिट्टी अजून आहे. शाळेतल्या दोन शिक्षिका अजून माझ्या शेजारी बसत नाहीत. थंडीत टोमॅटो स्वस्त व्हायचा तेव्हा मजा, उन्हाळ्यात नसायचा तेव्हा काकडीवर भागवलं. सिस्टरनं नीलाला उंबरा ओलांडायची परवानगी दिली त्या दिवशी नीला पडवीत आली आणि माझं शिवणयंत्र पुसायला लागली. गोळ्यांचा कंटाळा असा यायचा की सांगता येत नाही. पण एकही चुकवली नाही. ज्या दिवशी पोट बंड करेल असं वाटे, त्या दिवशी घरातल्यांना तोंडानं सांगत होते: आज जड जातंय. तुम्हीही सांगा. लपवू नका. ज्यांच्यापासून लपवाल तेच तुम्हाला वाढणार असतात.

औषध बंद झालं त्या दिवशी दुपारी अव्वांनी ताटली आणली. लाल ठिपका घासून घासून निम्मा उडाला होता. मऊ पांढरे तुकडे, टोमॅटोच्या जाड चकत्या, फाडलेली पानं. दीड वर्षात त्यांनी एकदाही यातलं काही चाखलं नव्हतं. मी दोन घास खाल्ले. त्या समोर बसून होत्या. मग हात पुढे करून त्यांनी माझ्या ताटलीतला, मी खात होते त्याच कडेचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

बराच वेळ चावत राहिल्या.

"आंबट हाय."

"टोमॅटो आहे, अव्वा."

"मीठ घातलं व्हतं का मी?"

"घातलंय."

"कमी हाय की," म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा उचलला.